पातळ मध

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत कोणाच्या घरी मध आला की तो आधी अण्णाजींच्या दुकानात यायचा आणि मग त्या घरात जायचा. मेळघाटातून पाहुण्यानं आणलेला असो, गरमसूरच्या डोंगराकडच्या माणसानं दारावर विकलेला असो, नाहीतर मोठ्या दुकानातली चकचकीत बाटली असो, अण्णाजींनी वात लावून पाहिल्याशिवाय त्यावर कोणाचा विश्वास बसत नसे. दुकान तसं किराण्याचं, पण एका भिंतीला अडुळसा, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा असल्या काष्ठौषधींचे डबे होते. आणि गल्ल्याशेजारी, कोणी हात लावायचा नाही अशा जागी, काचेचा एक पेला, कापसाच्या वाती आणि काडेपेटी.

परीक्षा साधीच होती. पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडायचा, तो विरघळत न जाता तळाशी जाऊन बसला पाहिजे. वात मधात बुडवून पेटवायची, ती तडतड न करता जळली पाहिजे. एवढं होऊनही कोणाच्या मनात किंतु राहिलाच, तर समोरच्या टपरीवर चहा विकणाऱ्या कैलासचा कुत्रा होता, कालू. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही, असं वस्तीत झाडून सगळे मानायचे आणि अण्णाजीही मानायचे. कालूला या कामाची पोळी मिळायची, पण परीक्षा झाल्यावर. पोट भरलेलं कुत्रं कशालाच तोंड लावत नाही, एवढी अक्कल अण्णाजींना होती.

स्वतःच्या जिभेला मात्र ते मध लावत नसत. त्यांना शुगर होती, हे खरं. पण शुगर निघायच्या आधीपासूनच त्यांनी चाखणं सोडून दिलं होतं. "जिभेचं काय, ते भूक पाहून बोलते," ते म्हणायचे, "वात कोणाची सोयरी नाई." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यांचे ओठ हलायला लागले की कैलास टपरीवरून आधीच म्हणून मोकळा व्हायचा. अण्णाजींना त्याचा राग येत नसे. उलट आपलं बोलणं लोकांच्या तोंडी बसलंय याचं त्यांना बरंच वाटायचं.

अशा माणसाच्या नावाला डाग लागला तो त्याच्याच गल्ल्यावरून. रत्नदीप हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉलेज अर्धवट सोडून दुकानात बसायला लागला, तेव्हा त्याला सगळंच घाईनं करायचं होतं. एकदा अण्णाजी लग्नाला बाहेरगावी गेले असताना दुकानातला मध संपत आला, तर या पठ्ठ्यानं बरणीत काकवी ओतली, ढवळली आणि विकून टाकली. शेजारच्या शोभाबाईंनी तो मध घरी नेला, अण्णाजींचं पाहून शिकलेली वात लावली, आणि वात विझली. अण्णाजी परतले तेव्हा त्या बाटली घेऊन दुकानाच्या पायरीवरच बसलेल्या होत्या. अण्णाजींनी भर दुकानात हात जोडून त्यांची माफी मागितली आणि तिथंच, त्याच गिऱ्हाइकांसमोर, मुलाला गल्ल्यावरून उठवलं.

त्या दिवसापासून रत्नदीपचं नाव पडलं काकवी. पानठेल्यावर गेला तरी काकवी, क्रिकेट खेळायला गेला तरी काकवी. त्याच्यासाठी आलेलं एक स्थळ त्या नावापायी परत गेलं, असं सुलोचनाबाई, म्हणजे त्याची आई, आजही सांगतात. बापानं त्याला पुन्हा गल्ल्यावर बसू दिलं नाही आणि लोकांनी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. शेवटी ओळखीच्या कोणाच्या तरी मागे लागून तो ओडिशात गेला, झिंग्यांच्या कंपनीत गोदामावर कामाला. घरी यायचा तो दिवाळीपुरता, आणि आला तरी घराबाहेर पडायचा नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आवाज एकदम वेगळा होता. असा आवाज सुलोचनाबाईंनी तो शाळेत असताना शेवटचा ऐकला असेल.

"बाबा, मी शहद पाठवून राह्यलो," तो म्हणाला. "सोता काढलेलं. इथी समुद्राले लागून खाऱ्या पाण्याचं तळं हाये, पलीकडचा काठ दिसत नाई एवढं. इथल्या लोकांसंग नावेनं गेलतो. रेतीच्या बेटावर नुसत्या रानवेली, केवडा, करंज. मानसंच नाई तथी. त्या फुलांचं हाये हे."

"बरं," अण्णाजी म्हणाले.

"तुम्ही दुकानात वात लावजा, सगळ्यांसमोर. पास झालं की मी नोकरी सोडून येतो. हेच शहद आणून आपल्या दुकानात विकू. मंग मले कोणी काकवी नाई म्हणणार."

अण्णाजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते उगाच डबे पुसत बसले. त्यांना आनंद झाला होता, पण तो दाखवायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी टपरीवर जाऊन त्यांनी कैलासला सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की पोराचं शहद येऊन राह्यलं, समुद्राकडचं. कैलासनं ते वस्तीभर केलं.

डबा आला तो ऐन मे महिन्यात. वर्ध्याचा मे महिना, त्यात रेल्वेच्या पार्सलात पडून आलेला डबा. झाकण फुगून वर आलं होतं. अण्णाजी आंघोळीला गेले होते, तेवढ्यात सुलोचनाबाईंनी झाकण उघडलं, ते फस्सकन आवाज करत उडालं, आणि वर पांढरा फेस दिसला. त्यांनी फेस बाजूला सारून एक लहान बरणी भरून घेतली आणि देवघरामागे ठेवून दिली. परीक्षेचं त्यांना काही नव्हतं. पोरानं पाठवलेलं होतं, एवढं त्यांना पुरे होतं.

दुकानासमोर माणसं जमली. कैलास होता, शोभाबाई होत्या, दोन-चार रिकामटेकडे होते. अण्णाजींनी स्वच्छ धुतलेला पेला भरला आणि चमच्यानं थेंब सोडला. थेंब तळाशी गेलाच नाही. पाण्यात शिरता शिरता त्याची एक पिवळी रेघ झाली आणि रेघही विरून गेली. अण्णाजींनी वात घेतली, बुडवली, पेटवली. तडतड झाली आणि विझली. त्यांनी दुसरी वात घेतली, नवीन, कोरडी. ती विझली. त्यांनी तिसरी घेतली. खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाचा मध असता तर त्यांनी पहिल्या वातीवरच निकाल दिला असता. हा त्यांच्या मुलाचा होता, म्हणून ते पुन्हा पुन्हा काडी ओढत होते.

"कालूले देऊन पाहू," कैलास हळूच म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता.

पानावर टाकलेला मध कालूनं चाटूनपुसून साफ केला आणि वर पाहून शेपूट हलवली. मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी "काकवी" असंही म्हटलं, मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल एवढ्यानं. अण्णाजींनी डब्यातल्या फेसाकडे पाहिलं. असा फेस त्यांनी आंबलेल्या काकवीवरच पाहिला होता. त्यांना मुलाची लाज वाटली, आणि एवढ्या वर्षांनी पुन्हा लाज वाटावी याचा राग आला. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला, पायऱ्या उतरले आणि रस्त्याकडेच्या नालीत उपडा केला. मध पातळ होता, लगेच वाहून गेला.

दुपारी रत्नदीपचा फोन आला.

"बाबा, वात लावली?"

"लावली. तुह्या शहदात पाणी हाये."

"पाणी नाई बाबा. इथलं शहद पातळच रायते. हवाच तशी हाये इथी."

"अन् फेस?"

"गरमीनं येते तो."

"काकवीलेही येते."

मग रत्नदीपनं विचारलं, "तुम्ही चाखलं का?"

"मले शुगर हाये."

"थेंबभर तरी?"

"वात जळली नाई, रत्नदीप," अण्णाजी म्हणाले. "सगळ्यांनी पाह्यलं. आता येऊ नको."

त्यानंतर त्याचे फोन बंद झाले. आईनं केला तर उचलायचा, बरा आहे म्हणायचा, ठेवायचा. सुलोचनाबाई नवऱ्याला काही बोलल्या नाहीत, पण त्या अण्णाजींच्या ताटात वाढून समोर न बसता आत जाऊन बसायला लागल्या. देवघरामागच्या बरणीतून त्या अधूनमधून बोटाच्या टोकावर घेत. संपू नये म्हणून अगदी थोडा.

पावसाळ्यात एक मुलगी दुकानात आली. सावंगीला नर्सिंग शिकणारी, वस्तीतच खोली करून राहणारी. मूळची ओडिशाची. दालचिनी मागत होती आणि खोकत होती. खोकल्यानं तिला उभं राहवत नव्हतं, तेव्हा सुलोचनाबाई तिला आत घेऊन गेल्या. आलं ठेचलं, त्याचा रस काढला, आणि मग थोडा विचार करून त्यांनी देवघरामागची बरणी काढली.

अण्णाजी गल्ल्यावर होते. आतलं दार उघडंच होतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की मुलीनं चमचा तोंडात घातला आणि ती तशीच बसून राहिली. मग तिनं बरणी हातात घेऊन वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, पण हसत होती.

"आंटी, ये तो हमारे उधर का है," ती म्हणाली. "समुंदर के पास वाला. यहाँ कैसे आया?"

सुलोचनाबाईंनी मुलाचं सांगितलं. अण्णाजी उठून दाराशी आले. मालाची पारख करताना विचारत तसं त्यांनी हिंदीत विचारलं, की इतकं पातळ कसं काय? मुलीला प्रश्नच कळला नाही आधी. तिच्या घरी मध पातळच असतो, ती म्हणाली. तिकडे कोणी दाट मध आणला तर आजी म्हणते, यात काहीतरी घातलंय. आणि वात? वात कशाला? ती वास घेते, चाखते. आधी गोड लागतो, मग जरा आंबट, आणि अगदी शेवटी मिठाची नुसती आठवण झाल्यासारखं लागतं. तसं लागलं की तो तिकडचा.

मुलगी गेल्यावर अण्णाजींनी बरणीकडे बोट केलं. "हे कुठून आलं?"

"तुम्ही सांडायच्या आधी काढून ठेवलं होतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नापास झालेलं हाये. तुमच्या काय कामाचं?"

अण्णाजींनी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. किती वर्षांनी, त्यांनाही आठवत नव्हतं. आधी गोड लागलं. मग जरा आंबट. आणि मग, ते गिळून टाकणार एवढ्यात, ते मीठ. एवढंसं. ते जमिनीवर बसले. आपण कोणाचं काय नालीत ओतलं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते कळण्यात समजूत काढण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यांनी रत्नदीपला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आईच्या फोनवरून लावला तेव्हा उचलला.

"ते शहद चांगलं होतं," अण्णाजी म्हणाले. एवढं बोलायला त्यांना फार कष्ट पडले.

"कोणी सांगतलं?"

"तिकडच्या एका पोट्टीनं. अन् मी चाखलं. सोता."

अण्णाजी पुढे म्हणाले, "तू ये. ते घेऊन ये. मी सगळ्यांसमोर पास करतो."

"येतो," रत्नदीप म्हणाला. "माल तयारच हाये, दसरा झाला की येतो. अन् बाबा, फिकर नका करू. ह्या खेपेले तुमची वात मस्त जळन."

या शेवटच्या वाक्यानं अण्णाजींच्या मनात काहीतरी टोचलं. पण पोरगा येणार होता, आणि घरात कितीतरी दिवसांनी सुलोचनाबाई त्यांच्या समोर येऊन बसल्या होत्या. त्यांनी ते टोचणं बाजूला सारलं. खरं म्हणजे त्याच दिवशी समोर जाऊन कैलासला सांगायला हवं होतं, की बाप्पा, मी चुकलो, पोराचं शहद खरं होतं. त्यांच्या मनात आलंही. पायरीपर्यंत गेले. मग वाटलं, रत्नदीप आला की त्याच्या देखतच सांगू, म्हणजे त्यालाही बरं वाटेल. कैलासनं विचारलं, "काय अण्णाजी?" तर म्हणाले, "काई नाई, अर्धा कप चहा दे."

दसरा झाला. सकाळी दहा-अकराच्या सुमारास स्टेशनकडून ऑटो आला आणि टपरीसमोर थांबला. रत्नदीप उतरला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावरचे केस मागे गेलेले, डोळ्यांखाली काळं. अण्णाजी गल्ल्यावरून पाहत होते. त्यांना उठून जावंसं वाटलं, पोराला धरावंसं वाटलं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि ते त्याचंच सामान बांधत राहिले. रत्नदीप आधी टपरीवर गेला. कैलासला नमस्कार केला, चहा घेतला. मग बिस्किटांचे पुडे घेतले आणि उकिडवा बसून ते सगळे, एकेक करत, कालूला खाऊ घातले.

अण्णाजींनी ते पाहिलं. त्या क्षणीच त्यांना सगळं कळलं, असं म्हणायला हरकत नाही. माणूस तरीही आशा धरून बसतो.

ऑटोतले मधाचे डबे पायरीवर आले. माणसं जमली. रत्नदीपनं एक डबा उघडून बापासमोर ठेवला. झाकण फुगलेलं नव्हतं, फेस नव्हता. दाट, सोनेरी, चमच्यावरून हळूहळू ओघळणारा मध.

"बाबा, वात काढा."

"राहू दे," अण्णाजी म्हणाले. "मी चाखून पाह्यतो."

"नाई. आधी वात. सगळे पाहून राह्यले."

पेल्यात थेंब गेला तो सरळ तळाशी जाऊन बसला. वात पेटली आणि जळत राहिली, अगदी शांत, देवापुढच्या निरांजनातल्यासारखी. कैलासनं पान मांडलं. कालूनं हुंगलं, बिस्किटांनी जड झालेलं तोंड फिरवलं आणि सावलीत जाऊन आडवा झाला.

"पास!" कैलास म्हणाला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. अण्णाजींनी तोवर बोट बुडवून जिभेवर ठेवलं होतं. मध गोड होता. पुढे काही येतं का, म्हणून ते थांबले. पुढे काही आलं नाही.

"हे शहद नाई," ते म्हणाले.

लोक हसले, म्हणजे प्रेमानंच हसले. "अण्णाजी, वात तर मस्त जळली," कैलास म्हणाला.

"जळू दे. ह्याच्यात पाक हाये. मागच्या खेपेचं खरं होतं. तेव्हा मी चुकलो."

"आता काऊन पोराले छळता? एवढ्या लांबून आला थो."

"मी सांगून राह्यलो नं, मागचं खरं होतं."

"ते तर कालूनंही खाल्लं," कैलास म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

शोभाबाई पुढे आल्या. "अण्णाजी, तुम्हीच म्हणता नं, वात कोणाची सोयरी नाई? मंग आपल्या पोराच्या वक्ती काऊन पलटी मारता?" मग त्या रत्नदीपकडे वळल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. "मी तुले तेव्हा लय बोलली होती बाप्पा. मनात ठेवू नको. एक बाटली भरून दे, माह्या नातवाले खोकला हाये."

रत्नदीपनं खाली मान घातली आणि बाटली भरली. ज्या बाईला त्यानं एकदा फसवलं होतं, ती त्याची माफी मागत होती, आणि तो तिला पुन्हा फसवत होता. अण्णाजी गल्ल्यामागे उभे होते. त्यांनी दोनदा बोलायला तोंड उघडलं. पण सगळ्या वस्तीला वातीवर विश्वास ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि लोक चांगलंच शिकले होते. त्यांच्या नुसत्या शब्दाला आता किंमत नव्हती. बाटल्या भरत गेल्या, आणि माणसं आपापल्या घरी गेली. जाता जाता प्रत्येक जण त्याला रत्नदीप म्हणत होता.

दुकान रिकामं झाल्यावर अण्णाजींनी विचारलं, "काय टाकलं ह्याच्यात?"

"तुमच्या वातीले जे पाह्यजे होतं ते."

"शहद हाये का थोडंतरी?"

"हाये. वासापुरतं."

"मी तुले फोनवर सांगतलं होतं. पह्यलं चांगलं होतं म्हून."

"सांगतलं नं," रत्नदीप म्हणाला. "फोनवर. एकट्याले. नापास केलं तेव्हा सगळे होते."

"आता सांगतलं मी सगळ्यांले."

"हो. अन् कोणी ऐकलं?"

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ गल्ल्यापर्यंत आली. मग अण्णाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज विनवणीचा झाला, "रत्नदीप, हे सारं फेकून दे. तू पह्यलं आण. तेच, पातळ. कोणी नाई घेतलं तरी मी घेतो."

"ते काढाले मले दोन उन्हाळे लागले होते," रत्नदीप म्हणाला. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर अण्णाजींना बरं वाटलं असतं. "पायाले काटे रुतले, माश्या डसल्या, त्या लोकांची बोली शिकलो. मले वाटे, बाबा एकदा चाखतीन. बस. तुम्ही ते नालीत सांडलं."

आतून सुलोचनाबाईंनी हाक मारली. पानं घेतली होती. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, पोराच्या आवडीचं सगळं. सकाळपासून त्या चुलीशी होत्या, दुकानात काय झालं ते त्यांनी पाहिलं नव्हतं, फक्त टाळ्या ऐकल्या होत्या. दोघं येऊन बसले.

"पास झालं नं?" त्यांनी विचारलं.

रत्नदीपनं बापाकडे पाहिलं. अण्णाजींनी भाकरीचा तुकडा मोडला.

"झालं," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहायला अण्णाजींनी मान वर केली नाही. त्या उठल्या, नव्या डब्यातून वाटीभर मध घेऊन आल्या, पोराच्या ताटात वाढला, आणि उरलेला बोटावर घेऊन स्वतःच्या जिभेवर ठेवला. मे महिन्यापासून त्या तो पहिला मध थेंबाथेंबानं खात आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. घासामागून घास चाललेले होते.

"गोड हाये," शेवटी त्या म्हणाल्या. "नुसतं गोड हाये."

रत्नदीपनं मान खाली घालून जेवण चालू ठेवलं. सुलोचनाबाई देवघराशी गेल्या आणि मागची बरणी काढली. तळाशी थोडा मध उरला होता. तो त्यांनी बोटानं निपटून खाल्ला, बरणी घासून धुतली, पदरानं कोरडी केली, आणि तिच्यात नवा मध भरून ती पुन्हा होती त्या जागी ठेवली.